पंधरा उंबरे

ठोंबरेवाडीत आगपेटी एकाच घरात असायची, दत्तोबा पाटलाच्या. बाकीच्या बाया सकाळी खापराच्या तुकड्यात त्याच्या घरनं विस्तव न्यायच्या, तेव्हा कुठं वाडीवर धूर दिसायचा. हा काही वाडवडिलांचा रिवाज नव्हे. बेचाळीस साली, लढाईच्या धामधुमीत, सरकारनं निघोज्याच्या अलीकडं टेकाडांच्या पोटात दारूगोळ्याचा डेपो घातला. चौफेर काटेरी तार ओढली, आणि ठोंबरेवाडी आपली होती तिथंच, तारेच्या आत सापडली. आत काडी ओढायला बंदी. विडी गेली, चिलीम गेली. चूल तेवढी राहिली, ती पाटलाच्या जिम्म्यावर.

तारेला एकच फाटक. जायला-यायला पितळी बिल्ला दाखवायचा. बिल्ला दर उंबऱ्याला एक. आपल्याकडं गाव उंबऱ्यानं मोजतात. माणसं किती, हे कुणी विचारत नाही, किती उंबऱ्याचं गाव, असं विचारतात. तसाच हिशेब डेपोनं उचलला. ठोंबरेवाडी बासष्ट उंबऱ्यांची, म्हणून बासष्ट बिल्ले. ते पाटलानं वाटायचे, हरवले तर पाटलानं जबाब द्यायचा.

दत्तोबाचा बाप त्याच साली गेला आणि पाटीलकी दत्तोबाकडं आली. तेव्हा तो तिशीतला होता. उंच, जरा वाकून चालणारा, बोलताना समोरच्याच्या खांद्यावर हात टाकणारा. त्याला एक विद्या साधली होती. डेपोचा साहेब चिडला की त्याला कुठं थंड करायचं, हे तो ओळखून होता. दिवस मावळला की फाटक बंद, पण अडलेल्या बाईसाठी निघोज्याची सुईण आत आली ती दत्तोबाच्या शब्दावर. वऱ्हाडाच्या गाड्या फाटकावर अडल्या, तर नवऱ्यामुलासकट सगळं वऱ्हाड मोजून आत घ्यायला तोच उभा. लढाई संपली, तार राहिली. इंग्रज गेला, फाटकावर झेंडा बदलला, पेढे वाटले, आणि संध्याकाळी फाटक नेहमीच्या वेळेला बंद झालं.

"पाटील, तुजं बरंय गड्या," भैरू म्हणायचा. "इंग्रजांचं राज्य गेलं. तारंतलं तुजं तेवढं ऱ्हायलं."

असं बोलायची मुभा वाडीत एकट्या भैरूला होती. दोघं एका वयाचे. पोरपणी दोघांनी इंद्रायणीच्या डोहात एकत्र बुड्या मारल्या, एका तालमीत माती खाल्ली. भैरू अंगानं रेडा आणि स्वभावानं गाय. दत्तोबानं सांगावं आणि भैरूनं 'का' न विचारता करावं, असं पंचवीस वर्षं चाललेलं.

एकावन्न सालच्या माघात डेपोच्या लक्ष्मणराव कारकुनानं दत्तोबाला बोलावून घेतलं. लक्ष्मणराव पुण्याचे. भाषा स्वच्छ, टोपी स्वच्छ.

"पाटील, नवी कोठारं येतायत. वस्तीपासून अंतर ठेवायचं, असा वरचा हुकूम आहे. सध्या चाळीस उंबरे राहू द्यायचे ठरलंय. बावीस उठतील."

"कंचे बावीस, रावसाहेब?"

"ते तुम्ही ठरवायचं. साहेब म्हणाले, पाटील शहाणा माणूस आहे, तो देईल यादी. महिन्यानं मी स्वतः येऊन उंबरे मोजणार. चाळीसच्या वर एक जरी दिसला, तरी सगळी वस्ती उठेल."

दत्तोबा घरी आला तो जेवला नाही. बायको दुर्गाबाई ताट वाढून बसली होती, तिला त्यानं सगळं सांगितलं. मग एकाएकी उठून तो बाहेर गेला आणि आळीच्या तोंडाशी उभा राहून घरं बघत राहिला. वाडीतली घरं एकमेकांना चिकटून, दोन घरांत एक भिंत. त्या भिंतीकडं बघता बघता त्याच्या डोक्यात वीज चमकली.

दुसऱ्या दिवशी त्यानं देवळात माणसं गोळा केली. "कारकून उंबरं मोजणार हाय," तो म्हणाला. "माणसं न्हाई, उंबरं. मधली भित फोडा, एकाचं दार लिपून टाका, उंबरा उपटा. दोन घरांचं एक घर. बावीस उंबरं निघालं की चाळीस ऱ्हातात. कुनाला कुटं जायाची गरज न्हाई."

उंबरा उपटायचा म्हणजे काय! लग्न होऊन आलेल्या बाईनं माप ओलांडलेलं ते लाकूड, सणावाराला हळदीकुंकू लावलेलं. ते पहारीनं उचकटायचं? म्हाताऱ्यांनी कानांवर हात ठेवले. तेव्हा भैरू उठला.

"माजी भित छबूबाईच्या घराला हाय. मी फोडतो. छबूबाई, तुजा उंबरा काडू का माजा?"

छबूबाई भैरूच्या शेजारची. नवरा गेलेला, दोन पोरी आणि एक म्हातारी सासू. ती पदराआडून म्हणाली, "माजाच काडा, दादा. तुमच्यात आले तर तुमी काय मला भाईर काडनार हाय?"

"पाटलाच्या शब्दावर काडतूय गं. भाईर काडायचं झालं तर त्यो मला इचारील का न्हाई?" भैरू म्हणाला आणि सगळी हसली.

महिन्याभरात बावीस उंबरे निघाले. चव्वेचाळीस घरांची बावीस झाली आणि अठरा घरं, ज्यांच्या भिंती कुणाला लागून नव्हत्या, ती एकटी राहिली. त्यात पाटलाचं होतं, सयाजी वाण्याचं होतं आणि चार भाऊबंदांचे वाडे होते. लक्ष्मणराव आले, खडूनं खुणा करत फिरले आणि चाळीसला थांबले. तुळईवर हात फिरवून म्हणाले, "शाबास पाटील." त्यांना कळलं होतं की नाही, कोण जाणे. दत्तोबानं चाळीस उंबऱ्यांच्या कागदावर सही केली. त्या दिवशी वाडीनं त्याला डोक्यावर घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं. माणसं म्हणाली, मोगलांना चकवलं असतं ह्या बाबानं.

दोन वर्षं बरी गेली. दोन दोन घरं एका छपराखाली नांदली, भांडली, पुन्हा नांदली. छबूबाईच्या पोरी भैरूच्या बायकोला, कौशल्याबाईला, काकी म्हणायच्या. पहिल्या वर्षी म्हातारी सासू गेली तर भैरूनं खांदा दिला.

त्रेपन्नच्या दिवाळीआधी पुन्हा बोलावणं आलं. आता चाळीसचे पंचवीस करायचे. पंधरा उंबरे उठणार. या वेळी उंबऱ्याउंबऱ्याला नंबर पडलेला होता आणि भिंत फोडून काही होण्यासारखं नव्हतं. उठणाऱ्या दर उंबऱ्याला रहाटणीच्या माळावर घरापुरती जागा मिळणार होती. उंबऱ्याला एक.

दत्तोबाला तेव्हाच उमगलं. ज्या उंबऱ्यात दोन चुली होत्या, त्यांनाही जागा एकच. बावीस घरांनी आपल्या हातानं कागदावरून स्वतःला पुसून टाकलं होतं, आणि पुसणारं फडकं त्यानंच हातात दिलं होतं.

"त्यात काय अवघड हाय?" दुर्गाबाई म्हणाली. ती भाकरी थापत होती आणि थापता थापताच बोलत होती. "येकटी घरं अठरा हायती. त्यातली पंधरा घाला. पंधरा चुली जातील. जोडातली घातली तर तीस जातील. आन् पयला आपला उंबरा लिवा."

"आपला?"

"मंग? तुमचा लिवला की बाकीचं चौदा तोंड उघडायचं न्हाईत."

"अगं, मी गेल्यावर मागं ऱ्हायलेल्यांचं कोन बघनार? पुढच्या टायमाला यादी कोन करनार?"

"व्हय, यादी काय, तुमच्यावाचून अडली असती," दुर्गाबाई म्हणाली आणि भाकरी तव्यावर टाकली.

तिचा हिशेब सरळ होता, दत्तोबालाही पटला होता. पण त्याच दिवशी तिसऱ्या प्रहरी सयाजी वाणी आला. मागं चार भाऊबंद. ही एकट्या घरांची माणसं. घरं थोर, कोठ्या भरलेल्या, पाटलाच्या पंगतीला बसणारी.

सयाजी सुपारी कातरत म्हणाला, "आमी उंबरा काडला न्हाई, पाटील. आमचं घर सरळ, कागूद सरळ. ज्यांनी लबाडी केली त्यांनी जावं."

"लबाडी मी सांगितली, सयाजी."

"तेच म्हनतो मी. तुमी सांगितली हे सायबाच्या कानावर गेलं तर? चाळीसचा कागूद खोटा ठरंल. मंग पंचवीस बी न्हाईत आन् पंधरा बी न्हाईत. सगळं गाव तारंभाईर. जागा बी नको आन् बिल्ला बी नको. मी काय सांगनार हाय व्हय? पन आमचं नाव यादीत दिसलं तर मानसाचं डोकं काय सांगावं!"

सयाजीनं सुपारी पुढं केली. दत्तोबानं घेतली. ती सुपारी त्यानं का घेतली, हे त्याला पुढं कितीदा तरी आठवलं. नुसता हात मागं घेतला असता तरी चाललं असतं.

तीन दिवस त्यानं कागद समोर ठेवला. कुणाला घालायचं? दत्तोबानं मनाशी कारणं जुळवली. ज्यांच्या घरात डेपोवर हमाली करणारा गडी नाही ते जावेत. ज्यांची भाऊकी बाहेरगावी आहे ते जावेत. कारणं चांगली होती, साहेबाला पटणारी होती. पण पहिलं नाव काही केल्या उतरेना. पहिलं नाव म्हणजे सुरुवात. एकदा सुरू झालं की बाकीची येतील, हे त्याला कळत होतं. ज्याचं लिहावं त्याचा आरडाओरडा आधीच कानात यायचा. हा दाराशी येऊन शिव्या देईल. तो कोयता घेऊन येईल. ती उंबऱ्यावर डोकं आपटून घेईल.

चौथ्या दिवशी सकाळी त्यानं पहिलं नाव लिहिलं. भैरूचं.

भैरू कोयता घेऊन येणार नव्हता. भैरू शिव्या देणार नव्हता. ते नाव लिहिताना दत्तोबाच्या कानात कसलाच आवाज आला नाही, म्हणून ते लिहिता आलं. पुढची चौदा तासाभरात झाली. चौदाही जोडाचे उंबरे. एकट्या अठरांपैकी त्यात एकही नव्हतं.

यादी देवळात लक्ष्मणरावांनी वाचली. त्यांनी नंबरानं वाचली, दत्तोबाच्या क्रमानं नव्हे. भैरूचा नंबर सदतिसावा, तो सगळ्यांच्या शेवटी आला. बायांचा कल्लोळ उठला. एका म्हाताऱ्यानं दत्तोबाच्या पायावर पागोटं ठेवलं, एकानं त्याच्या अंगावर माती फेकली. भैरू खांबाला टेकून उभा होता. कौशल्याबाई त्याला ढोसत होती, "बोला की! तुमचं दोस्त हायती न्हवं? इचारा की त्येला!"

"काय इचारू?" भैरू म्हणाला. "त्येचा बी इलाज नसंल."

छबूबाई मात्र पुढं आली. पदर खांद्यावर घट्ट ओढून तिनं विचारलं, "पाटील, सदतीस नंबरात जागा येक हाय म्हनं. कुनाची? भैरूदादाची का माजी?"

दत्तोबानं लक्ष्मणरावांच्या हातातल्या कागदाकडं पाहिलं.

"माजा उंबरा कुटं गेला, पाटील?" तिनं पुन्हा विचारलं. आवाज चढलेला नव्हता. "तुमी मला भित फोडायला लावली. माजं दार कुटं हाय आता, ते तरी सांगा."

त्या दिवाळीला पंधरा उंबरे उठले. गाड्यांवर तुळया, घडवंच्या, कोंबड्यांची खुराडी. फाटकावर बिल्ले परत घेतले, ते दत्तोबानंच मोजून पेटीत टाकले. त्यानंतर एक झालं. मागं राहिलेल्या बायांनी त्याच्या घरी विस्तवाला येणं बंद केलं. काहींनी चुलीतला निखारा राखेखाली जपून ठेवायला सुरुवात केली. विझला तर दिवसभर शिळंपाकं खाल्लं, पण आल्या नाहीत. ज्यांना त्यानं राखलं होतं, त्याच ह्या. दुर्गाबाई रोज पहाटे चूल पेटवायची आणि दाराकडं बघत बसायची. मग तिनं तेही सोडलं. नवऱ्याशी कामापुरतं बोलायची, 'जेवा', 'पाणी तापलंय', एवढंच.

चोपन्नच्या उन्हाळ्यात तालुक्याच्या कचेरीत जागेची सुनावणी झाली. उठलेल्यांनी अर्ज केला होता की आम्ही पंधरा उंबरे नव्हे, तीस होतो. उंबरे मुद्दाम काढायला लावले. जागा तीस द्या. अधिकारी भला माणूस दिसला. त्यानं चष्मा पुसून दत्तोबाला विचारलं, "पाटील, तुमच्या शब्दावर हे ठरेल. तीस होते की पंधरा?"

बाकावर छबूबाई बसलेली. भैरू तिच्या शेजारी, हातात टोपी. दाराशी सयाजी उभा. दत्तोबाच्या डोक्यात पुन्हा तेच गणित सुरू झालं. तीस म्हटलं तर चाळीसचा कागद खोटा. कागद खोटा तर आतले पंचवीस उंबरेही उठणार, त्यात सात जोडाचे, म्हणजे बत्तीस चुली. पंधरा म्हटलं तर पंधरा चुलींना जागा नाही. बत्तीस मोठे की पंधरा? ह्या हिशेबात आपला उंबरा बत्तीसात मोजलाय, हेही त्याच्या ध्यानात आलं. ध्यानात येऊनही त्याचं तोंड उघडलं.

"पंधराच व्हते, सायेब."

"तुमची सहीही तसंच म्हणते," अधिकारी म्हणाला आणि त्यानं अर्जावर रेघ मारली.

बाहेर पडल्यावर भैरूनं पिंपळाखाली उभं राहून छबूबाईला सांगितलं, "रहाटणीची जागा तुजी. माज्या दारात तुजा उंबरा गेला, तवा माजी जागा ती तुजीच." कौशल्याबाई रडली, भांडली, तीन दिवस जेवली नाही, पण भैरूनं ऐकलं नाही. बायकापोरं घेऊन तो पिंपरीला गेला. तिथं औषधांचा मोठा कारखाना उठत होता, पाया खणायला माणसं लागत होती. कूडमातीच्या चाळीत एक खोली घेऊन तो पाटीफावडं मारू लागला.

आणि पंचावन्नच्या चैत्रात डेपोचा तिसरा कागद आला. त्यात आकडा नव्हता. सगळी ठोंबरेवाडी उठवायची होती.

दत्तोबा लक्ष्मणरावांकडं धावला. लक्ष्मणराव म्हणाले, "पाटील, हे पहिल्यापासून ठरलेलंच होतं. एकदम उठवलं असतं तर बोंबाबोंब झाली असती. टप्प्याटप्प्यानं सोपं जातं. तुमची खूप मदत झाली, हे साहेबांनी लिहून ठेवलंय."

त्यानं ते ऐकून घेतलं. परत जाताना फाटकावरच्या शिपायानं नेहमीसारखा बिल्ला मागितला, दत्तोबाला खिसा सापडेना.

पंचवीस उंबऱ्यांना जागा मिळाली, सयाजीला कोपऱ्याची, रस्त्यालगतची. दत्तोबाला पिंपळे गुरवात मिळाली. तिथं त्याला कुणी पाटील म्हणालं नाही. दुर्गाबाई दोन वर्षांत गेली. ताप आला, तीन दिवसांत संपली. शेवटच्या दिवशी तिनं फक्त विचारलं होतं, "भैरूभावजींना भेटला का?"

तो भेटला नव्हता. बाई गेल्यावर तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मात्र तो पिंपरीला चालत गेला. मनाशी ठरवून गेला. सांगायचं, की बाबा, तुझं नाव मी पहिलं लिहिलं. तू ओरडणार नाहीस म्हणून लिहिलं. इतर कुणाला नाही तर तुला तरी सांगायचं. तू थोबाडीत मारलीस तर खाईन.

कारखान्याच्या आवारात दुपारची सुट्टी झाली होती. विटांच्या रचलेल्या थप्पीच्या सावलीला भैरू भाकरी सोडून बसला होता. अंग उतरलं होतं. रेड्यासारखा गडी, त्याची गळ्याखालची हाडं मोजता येत होती. दत्तोबाला बघून तो उठू लागला.

"बस बस," दत्तोबा म्हणाला.

"वैनी गेल्याचं कळलं. येयाला जमलं न्हाई रं, खाडा पडतो." भैरूनं धोतराच्या सोग्यानं वीट पुसली. "बस हितं."

दत्तोबा बसला. पलीकडं मिस्त्री कुणावर तरी ओरडत होता.

"भैरू, मला तुला येक सांगायचंय. त्या यादीचं."

"त्यात काय सांगायचं?" भैरू म्हणाला. "मी कौसल्येला बी सांगतो. ती अजून शिव्या देती तुला, तर मी म्हनतो, अगं, त्यानं चौदा नावं लिवली असतील आन् मंग पंधरावं सापडंना झालं असंल. रातरात जागला असंल. शेवटाला माजं लिवलं असंल त्यानं, हात तोडून दिल्यागत." त्यानं दत्तोबाकडं पाहिलं. डोळ्यांत विटांची भुकटी आणि त्याखाली ते पोरपणीचं हसू. "देवळात बी शेवटालाच वाचलं न्हवं का? माजं नाव शेवटाला व्हतं न्हवं रं?"

दत्तोबाच्या जिभेवर शब्द तयार होता. एकच होता, छोटा होता. तो भैरूच्या तोंडाकडं बघत राहिला. या माणसाची जमीन गेली, घर गेलं, जागा गेली, अंगातलं रक्त गेलं. एवढी एक समजूत तेवढी त्याच्याजवळ उरली होती. ती काढून घ्यायची, की ठेवायची? आणि दत्तोबाला कळलं, की हासुद्धा तोच हिशेब आहे. भैरूला राखायचं म्हणून नाही, स्वतःला राखायचं म्हणून चाललाय.

"व्हय," तो म्हणाला. "शेवटालाच."

"मला ठावं व्हतं," भैरू म्हणाला. त्यानं भाकरी मधोमध मोडली, अर्धीवर कांदा ठेवला आणि ती दत्तोबाच्या हातात दिली. "खा. चालत आलायस लांबनं."

दत्तोबानं घास तोंडात घातला. चावला. गिळला.